शरदातील माळ आणि शाळेची निसर्गनोंद

भाद्रपद सरत आला की खटाव-माणच्या पठारावर वर्षातील सर्वांत समृद्ध काळ अवतरतो. पश्चिमेस महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच ते सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून नव्वद-एक किलोमीटर पूर्वेस असलेल्या वडूजच्या वाट्याला पाचशे मिलिमीटरच्या आसपासच येतो. त्यातील मोठा हिस्साही आषाढ-श्रावणात न पडता उत्तरा, हस्त आणि चित्रा या नक्षत्रांत, परतीच्या पावसाने पडतो. म्हणूनच सह्याद्रीच्या माथ्यावरील हिरवेपणा ओसरू लागतो, त्याच सुमारास येथील माळ अंगावर गवत मिरवू लागतो. पाठ्यपुस्तकातील ऋतुचक्र आणि गावातील ऋतुचक्र यांत असे अंतर असते, आणि परिसर अभ्यासाच्या शिक्षकाने प्रथम हे अंतरच ध्यानी घेणे अगत्याचे आहे.

शरद ऋतूतील सहलींसाठी जिल्ह्यातील बहुतेक शाळांची दृष्टी कासच्या पठाराकडे वळते. ते स्वाभाविक आहे. सह्याद्रीच्या ज्या भागांना 2012 साली जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली त्यांत कासचा समावेश आहे, आणि तेथील फुलांचा बहर पाहण्याजोगा असतोच. परंतु गाडीभाडे भरून दूरचा निसर्ग पाहून आलेल्या मुलास शाळेच्या कुंपणामागील माळावर कोणते गवत आहे हे सांगता येऊ नये, यात शिक्षणाची काही उणीव आहे खास. त्याचे एक कारण असे की, हा माळ मोठ्यांच्याच लेखी रिकामा असतो. सातबाऱ्यावर त्याची नोंद पड, गायरान अथवा पोटखराब अशी. जे पडीक म्हणून लिहिले गेले तेथे पाहण्यासारखे काय असणार, असा समज रूढ होतो, आणि पुढे तो नांगरला गेला, खोदला गेला वा त्यावर दाट झाडी लावली गेली तरी तेथून काय गेले हे सांगण्यास कोणी उरत नाही.

माळढोकाचे उदाहरण शिक्षकांनी आठवावे. एके काळी दख्खनच्या गवताळ माळांवर सर्वत्र आढळणारा, उभा राहिला असता जवळजवळ मीटरभर उंच भरणारा हा पक्षी. त्याच्यासाठी 1979 साली सोलापूर जिल्ह्यातील नान्नज व अहमदनगर जिल्ह्याचा काही भाग मिळून अभयारण्य स्थापन झाले. तरीही आज महाराष्ट्रात त्याचे दर्शन अत्यंत दुर्मिळ झाले आहे. कोणत्या गावच्या माळावरून तो कोणत्या वर्षी नाहीसा झाला, याची गावनिहाय नोंद मात्र कोठेही मिळत नाही. वृद्धांच्या आठवणी असतात. पण आठवणीला तारीख नसते.

ही तारीख लिहून ठेवण्यास सर्वांत योग्य स्थान कोणते, तर गावची शाळा. वनरक्षकाकडे अनेक गावे असतात आणि संशोधक वर्षातून एखादा दिवस येतो. शाळा मात्र त्याच गावात, त्याच माळाकाठी वर्षानुवर्षे उभी असते आणि तीस-चाळीस डोळे दररोज चारही दिशांनी चालत तिच्याकडे येतात.

आरंभ गवतापासून करावा. आश्विनात माळावरून चालून आलेल्या मुलाच्या कपड्यांना कुसळे टोचलेली असतात. ती झटकून टाकण्यापूर्वी त्यांतील एक शिक्षकाने टेबलावर ठेवावे व त्याच्या पिळदार शेपटीवर पाण्याचा एक थेंब सोडावा. शेपटी पीळ सोडीत हळूहळू फिरू लागते. पुन्हा वाळली की पुन्हा पीळ धरते. रात्रीचे दव आणि दिवसाचे ऊन यांच्या साहाय्याने कुसळीचे बी याच युक्तीने स्वतःस जमिनीत रोवून घेते. या प्रयोगास कोणतेही साहित्य खरेदी करावे लागत नाही, आणि एकदा पाहिलेले मूल तो विसरत नाही.

गवतानंतर कीटक. या दिवसांत नाकतोड्यांची संख्या परमोच्च असते. पंजे जोडून निश्चल बसलेला खंडोबाचा किडा त्यांच्याच मागावर असतो. बाजरीच्या कणसांवर आणि रानफुलांवर काळ्या-तांबड्या पट्ट्यांचे हिंगे दिसतात. त्यांना हात लावल्यास कातडीवर फोड येतात. यास्तव ते दुरून पाहावयाचे, हे मुलांना आधी बजावावे. फुलोरा खाऊन पिकाचे नुकसान करणाऱ्या हिंग्यांच्या अनेक जातींच्या अळ्या जमिनीतील नाकतोड्यांची अंडी खाऊन वाढतात, हेही त्याच वेळी सांगावे. ‘उपयुक्त’ आणि ‘उपद्रवी’ असे दोन रकाने आखून त्यांत प्रत्येक जीव बसविण्याची जी सवय शालेय प्रकल्पांत दिसते, तिला या एका किड्याने चांगलाच शह बसतो.

परंतु शरदातील कीटकांत सर्वांत विलक्षण कथा आहे ती चतुराची. पाऊस उघडल्यावर, सायंकाळच्या सोनेरी उन्हात शाळेच्या पटांगणावर पिवळसर चतुरांचे थवे तरंगताना दिसतात. बसल्यावर पंख आडवे पसरून ठेवतो तो चतुर, आणि पाठीवर मिटून घेते ती टाचणी, एवढा भेद मुलांना प्रथम शिकवावा. या थव्यांत जो पिवळा चतुर बहुसंख्येने असतो, तो पावसाच्या तात्पुरत्या डबक्यांत अंडी घालतो आणि त्याची पिले दीड-दोन महिन्यांत, डबके आटण्यापूर्वी पंख फुटून बाहेर पडतात. मग हे सारे चतुर जातात कोठे?

या प्रश्नाचे उत्तर एका साध्या नोंदवहीतून मिळाले. मालदीव बेटांवर वास्तव्य करणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांच्या ध्यानी आले की, दरवर्षी ऑक्टोबर महिन्यात तेथे अकस्मात असंख्य चतुर प्रकट होतात. त्या बेटांवर गोड्या पाण्याची तळी-डबकी जवळजवळ नाहीतच. तेव्हा इतके चतुर तेथे जन्मास येणे अशक्य. अँडरसन यांनी अनेक वर्षे चतुरांच्या आगमनाच्या तारखा टिपल्या, भारतातील व पूर्व आफ्रिकेतील तारखांशी त्या ताडून पाहिल्या आणि 2009 साली असे प्रतिपादन केले की, हे चतुर परतत्या मोसमी वाऱ्यांवर आरूढ होऊन भारतातून निघतात व समुद्र ओलांडून आफ्रिकेस पोचतात. तेथील पावसात पुढील पिढी जन्मते आणि अशा काही पिढ्यांनी मिळून हे हजारो किलोमीटरांचे वर्तुळ पुरे होते. या शोधाचा आरंभ दुर्बिणीतून वा प्रयोगशाळेत झाला नाही. तो तारखांच्या यादीतून झाला.

अमूर ससाणा नावाचा लहानसा शिकारी पक्षीही साधारण याच काळात हा समुद्र पार करतो. 2013 साली नागालँडमध्ये तीन अमूर ससाण्यांच्या पाठीवर उपग्रह-संदेशक बसविण्यात आले, तेव्हा भारतीय द्वीपकल्प आणि अरबी समुद्र ओलांडून आफ्रिकेकडे जाण्याचा त्यांचा मार्ग स्पष्ट झाला. वाटेत भक्ष्य म्हणून हे चतुरच त्यांच्या उपयोगी पडत असावेत, असे अभ्यासकांचे अनुमान आहे. पटांगणावरील चतुराचा धागा असा थेट परखंडापर्यंत पोचतो. भूगोलाच्या तासाला नकाशावर तो ओढून दाखविण्यास काहीच अडचण नाही.

पक्ष्यांच्या बाबतीत शिक्षकांची एक तक्रार नेहमी कानी येते. नावे माहीत नाहीत, आणि चुकीचे नाव सांगितले तर? ही भीती प्रामाणिक आहे, परंतु तिच्यापायी निरीक्षणच टाळणे योग्य नव्हे. गावात जे नाव चालते ते लिहावे, आकार, रंग, चाल व जागा यांचे वर्णन करावे. शास्त्रीय नाव मागाहून शोधता येते. मारुती चितमपल्ली यांचा ‘पक्षिकोश’ केंद्रशाळेच्या ग्रंथालयात असल्यास हे काम पुष्कळ सुकर होते. लोकांच्या शब्दाला शास्त्रातही स्थान मिळते, याचे उदाहरण तर आपल्याच जिल्ह्यातील आहे. चाळकेवाडीच्या पठारावरील पंखागळ्याच्या सरड्याचे वर्णन 2016 साली नव्या जातीच्या रूपाने प्रसिद्ध झाले, तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याच्या प्रजातीस नावच ‘सरडा’ असे दिले. (नराच्या गळ्याखालील तो निळा-काळा-केशरी पंखा उन्हाळ्याच्या अखेरीस पाहावयास मिळतो, शरदात नव्हे; तेव्हा या दिवसांत तो शोधून मुलांचा हिरमोड करू नये.)

नेमकेपणाचा सराव करावयाचा असेल तर धोबी पक्षी सर्वांत उत्तम. शेपटी सतत वर-खाली हलविणारा हा पक्षी प्रत्येक मुलास परिचित असतो. पण ओढ्याकाठी बारमाही राहणारा मोठा कवड्या धोबी निराळा, आणि शरदात उत्तरेकडून येणारे धोबी निराळे. कवड्याचे डोके व गळा काळा असून डोळ्यावर ठळक पांढरी भुवई असते. पाहुण्या पांढऱ्या धोब्याचा चेहराच पांढरा असतो. करड्या धोब्याच्या पोटाखाली पिवळसर झाक असते आणि तो बहुधा इतरांच्या आधी, सप्टेंबरातच येऊन पोचतो. ‘धोबी दिसला’ एवढ्याच नोंदीस म्हणूनच अर्थ नाही. ‘पांढऱ्या चेहऱ्याचा धोबी या वर्षी प्रथम दिसला’ ही मात्र नोंद झाली, कारण तिला पुढील वर्षाच्या नोंदीशी ताडून पाहता येते.

तारांवर ओळीने बसणाऱ्या पाकोळ्या, गवतावरून अगदी खालून, डोलत उडत जाणारे भोवत्ये, ज्वारीच्या पेरणीच्या आगेमागे थव्याथव्याने उतरणाऱ्या भोरड्या, हे सर्व याच पंक्तीतील. भोरडी ही शेतकऱ्याच्या गोफणीची जुनी वैरीण. मध्य आशियाकडून येणारा हा पक्षी नाकतोडे व अळ्याही मोठ्या प्रमाणात फस्त करतो, हे शेतकऱ्याच्या मुलाने घरी जाऊन सांगितल्यास वडील कदाचित हसतील. हसू द्यावे.

येणाऱ्या पाहुण्यांकडे सर्वांचे लक्ष असते, जाणाऱ्यांकडे नसते. ज्येष्ठात चातकाचा पहिला स्वर ऐकू आला की गावभर वार्ता होते. तोच चातक शरदात आफ्रिकेकडे निघून जातो, तो नेमका केव्हा गेला हे मात्र कोणी सांगू शकत नाही. शेवटचे दर्शन टिपणे अवघड असते, कारण ते शेवटचे होते हे त्या दिवशी कळत नाही. त्यास उपाय एकच. पक्षी दिसेल त्या प्रत्येक दिवशी नोंद करावी, म्हणजे त्यांतील अखेरची आपोआप शिल्लक राहते. त्याचप्रमाणे ज्या दिवशी पाहिले आणि दिसले नाही, त्या दिवशी ‘पाहिले, दिसले नाही’ असे स्पष्ट लिहावे. कोरी ओळ आणि ही ओळ यांत फार मोठे अंतर आहे. पहिलीवरून एवढेच कळते की कोणी पाहिले नाही.

जलाशयांविषयी दोन शब्द अधिक लिहिणे भाग आहे. वडूजच्या खालच्या अंगास येरळेवर येरळवाडीचा जलाशय आहे. तेथून पुढे मायणीचा जुना, इंग्रजी अमदानीतील तलाव आहे. आणि सूर्याचीवाडीचे पाणीही पक्ष्यांसाठी प्रसिद्ध आहे. 2021 साली मायणी परिसरातील या जलाशयांच्या समूहास पक्षी संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा लाभला. मायणीचे नाव घेताच सर्वांच्या डोळ्यांसमोर रोहित उभे राहतात, आणि भागातील अनेक शाळांच्या भिंतींवरही ते रंगविलेले असतात. त्याचा परिणाम असा होतो की, ऑक्टोबरातील सहलीनंतर मुले निबंधात गुलाबी रोहितांचे थवे वर्णन करतात, वास्तविक त्या दिवशी तलावावर एकही रोहित नसतो. रोहित येथे बहुधा थंडी स्थिरावल्यावर येतात. शिक्षकाने अशा निबंधास सुंदर भाषेसाठी पैकीच्या पैकी गुण दिले, तर मुलास काय शिकविले गेले याचा विचार करावा.

त्यापेक्षा रोहित का आले नाहीत, हा प्रश्न अधिक मोलाचा आहे. उलटी चोच चिखलात घालून सूक्ष्म जीव गाळून खाणाऱ्या या पक्ष्यास उथळ काठ लागतो. तलाव तुडुंब असेल तर त्यास उभे राहण्यास जागा नाही. कोरडा पडला तर अन्न नाही. मायणीचा तलाव गाळाने भरत आला, दुष्काळाच्या वर्षी आटला, आणि रोहित येरळवाडी व सूर्याचीवाडीकडे वळल्याचे पाहण्यात आले. आता उपसा सिंचन योजनांचे पाणी तालुक्यात येऊ लागले आहे. ते शेतीस वरदान आहे, त्याविषयी दुमत नाही; परंतु पाण्याची पातळी आणि काळ दोन्ही त्यामुळे बदलतात. म्हणून जलाशयाकाठच्या शाळांनी पक्ष्यांच्या नोंदीशेजारीच पाण्याची नोंद अवश्य करावी. सांडवा वाहतो की नाही, काठावरील अमुक खडक बुडाला की उघडा, एवढे पुरे. शरदात तेथे पाहण्याजोगे पुष्कळ असते. केशरी अंगाचे चक्रवाक ऑक्टोबरात जोडीने येऊ लागतात. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब हिमालय ओलांडून काहीसे उशिरा, हिवाळ्याच्या तोंडावर उतरतात.

माळावर वृक्षारोपण करण्याच्या उत्साहासंबंधी येथे स्पष्टपणे लिहिणे आवश्यक वाटते. गावठाण, रस्त्याच्या कडा, ओढ्याचे काठ, शाळेचे आवार येथे झाडे जरूर लावावीत. परंतु मोकळा गवताळ माळ म्हणजे नष्ट झालेले जंगल, अशी समजूत करून तेथे खड्डे खणणे हे अज्ञान होय. चंडोल, माळटिटवी, धाविक हे पक्षी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात. खोकड आणि लांडगा यांचे घर गवतातच असते. मेंढरांचा चाराही तेथलाच. शाळेच्या हरित उपक्रमासाठी जागा निवडताना शिक्षकाने गावातील एखाद्या मेंढपाळास आधी विचारावे.

मेंढपाळांची मुले हा तर या कामातील खरा आधार आहे. दिवाळीच्या सुमारास माण, खटाव, फलटण या भागांतील कळप घाट उतरून कोकणाकडे जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. पक्षी ज्या दिवसांत उत्तरेकडून येथे येतात, त्याच दिवसांत ही कुटुंबे येथून निघतात. हजेरीपत्रकात अशा मुलापुढे गैरहजेरीच्या खुणा पडतात. शिक्षण हमी पत्रक देऊन त्याची सोय लावण्याचा प्रयत्न होतो. त्या पत्रकासोबत एक चाळीस पानी वही द्यावी. वाटेवर कोणते प्राणी भेटले, घाट कोणत्या दिवशी उतरला, खाडीकाठी कोणते पक्षी होते, हे त्याने आपल्या शब्दांत लिहावे अथवा चितारावे. ज्येष्ठात तो परतेल तेव्हा वर्गात समुद्रकाठच्या कुरवांविषयी बोलू शकणारा तो एकटाच असेल. वर्गात एरवी मागे बसणाऱ्या मुलास त्या दिवशी फळ्याजवळ उभे करावे.

नोंदवहीचे स्वरूप साधेच ठेवावे. तारीख, वेळ, जागा, काय दिसले, किती, कोणी पाहिले, आणि हवामान. छापील तक्ते करण्याची गरज नाही. तक्ता भरण्याच्या नादात पाहणे राहून जाते. संख्या मोजता आली नाही तर ‘पुष्कळ’ न लिहिता ‘पन्नासाहून अधिक’ असे लिहावे. नमुन्यादाखल : ‘घटस्थापना. सकाळी आठ. शाळेमागील ओढा. पांढऱ्या चेहऱ्याचा धोबी, एक. चौथीच्या दोघींनी पाहिला. रात्री पाऊस झाला होता.’ एवढी नोंद पूर्ण आहे. शंका असल्यास ‘बहुधा’ हा शब्द वापरण्यास लाजू नये. खोडलेले खोडलेलेच ठेवावे. वही स्वच्छ उतरवून काढण्याचा आग्रह धरू नये. भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढले तर उत्तमच, परंतु त्यासाठी घरट्याजवळ जाणे, दगड उलटून ठेवणे, बिळात काठी घालणे हे सर्वथा वर्ज्य. उंच गवतात या दिवसांत फुरसे असते. पायांत चप्पल-बूट असल्याशिवाय मुलांना गवतात नेऊ नये आणि गट आठ-दहांहून मोठा करू नये.

राज्यात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह 2020 सालापासून पाळला जातो. 5 नोव्हेंबर हा चितमपल्लींचा आणि 12 नोव्हेंबर हा डॉ. सालीम अली यांचा जन्मदिन. या सप्ताहात घोषवाक्ये व फेऱ्या यांवर समाधान न मानता, सप्टेंबरापासूनच्या नोंदी प्रार्थनेनंतर मोठ्याने वाचून दाखवाव्यात. दिवाळीच्या सुट्टीत सप्ताह आल्यास वाचन सुट्टीनंतर करावे. त्याने काही बिघडत नाही.

राहता राहिली ती बदलीची गोष्ट. निसर्गवही बहुधा एका हौशी शिक्षकाची असते आणि त्याची बदली झाली की तीही त्याच्यासमवेत जाते किंवा रद्दीत पडते. तीन वर्षांच्या नोंदी, आणि पुढे काहीच नाही, असे होते. यास्तव वहीवर शिक्षकाचे नाव न घालता शाळेचे नाव घालावे. जंगम मालाच्या नोंदवहीत तिला क्रमांक द्यावा, आणि कार्यभार देता-घेताना हजेरीपत्रके, किल्ल्या व पोषण आहाराची नोंदवही यांच्याबरोबर ती मोजून, सही करून नव्या शिक्षकाच्या स्वाधीन करावी.